खंजीर उल्केचा, पण जरब सरसाच्या धनुष्याची

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीच्या मांडीवर सापडलेला लोखंडी खंजीर अधूनमधून बातम्यांत येतो आणि त्यामागून ‘परग्रहवासीयांनी दिलेलं शस्त्र’ असे फॉरवर्डही फिरू लागतात. 2016 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या पात्याची तपासणी झाली. त्यात सुमारे 11 टक्के निकेल आणि थोडं कोबाल्ट निघालं. हे प्रमाण लोह-उल्कांशी जुळतं. म्हणजे आकाशातून पडलेला दगड कुणा कारागिराने ठोकून पातं केलं, बस्स. परग्रहवासी कुठेही लागत नाहीत. शिवाय सोन्याच्या म्यानातल्या या खंजिराने एकही लढाई जिंकली गेलेली नाही. त्याच थडग्यात सुटे करून ठेवलेले सहा रथ होते आणि डझनावारी धनुष्यं होती. इजिप्तच्या साम्राज्याची खरी जरब त्यांच्यात होती.

इजिप्तचं जुनं धनुष्य एकाच लाकडाचं असे, पुष्कळदा बाभळीचं. आपल्या बांधावरची बाभूळ आणि नाईलकाठची बाभूळ एकच. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘निलोटिका’ नाईलवरूनच आलं आहे. हे धनुष्य जवळजवळ माणसाच्या उंचीचं. पायदळातल्या तिरंदाजाला त्याची अडचण नव्हती. पण इ.स.पू. 1600 च्या सुमारास पश्चिम आशियातून घोडे आणि दोन चाकी हलका रथ इजिप्तमध्ये आला आणि सगळं गणितच बदललं. रथाच्या टीचभर पाटावर सारथी आणि तिरंदाज असे दोघे उभे. पुढे कठडा, शेजारी सारथ्याची ढाल. तिथे लांब धनुष्य डावी-उजवीकडे फिरवताच येत नाही. धनुष्य सव्वा मीटरच्या आसपास हवं, पण जोर मात्र तेवढाच हवा.

मग लाकडाचंच धनुष्य आखूड का करू नये? कारण ते मोडतं. धनुष्य वाकवलं की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मधोमध एक थर असा असतो की जो ना ताणला जातो ना दाबला जातो. पृष्ठभागावर किती टक्के ताण पडतो ते काढणं सोपं आहे: जाडीचा निम्मा भाग भागिले वळणाची त्रिज्या. दोन सेंटिमीटर जाडीची पट्टी एक मीटर त्रिज्येत वाकवली, तर 1 भागिले 100, म्हणजे एक टक्का. लाकडाची सहनशक्ती साधारण इथेच संपते. धनुष्य आखूड केलं आणि दोरी तेवढीच मागे ओढायची म्हटली, की त्रिज्या अर्धा मीटर होते आणि ताण दोन टक्क्यांवर जातो. पोटाच्या बाजूला लाकडाचे तंतू चुरगळतात, पाठीवर ते तडकतात. पट्टी पातळ केली तर वाचते, पण मग जोर उरत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे संमिश्र धनुष्य: वेगवेगळ्या पदार्थांचे थर आणि प्रत्येक थराला त्याच्या स्वभावाचं काम. शिंग लाकडापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसून परत मूळ आकाराला येतं, म्हणून ते पोटाला. जनावराच्या पायातल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, ताण सोसण्यात लाकडाच्या कितीतरी पुढे, म्हणून त्या पाठीला. मधल्या थरावर ना ताण ना दाब, तिथे लाकूड. त्याचं काम दोघांना धरून ठेवायचं. आणि या तिघांना एकजीव करणारा सरस. आपल्या भाषेत या धनुष्याची आठवण शिल्लक आहे: ‘शार्ङ्ग’ म्हणजे शिंगाचं. कौटिल्याने धनुष्याचे प्रकार सांगताना ताड, बांबू आणि लाकडासोबत शार्ङ्गही नोंदवलं आहे. आपल्याकडे पुढे त्यासाठी म्हशीचं शिंग वापरत. इजिप्तमध्ये त्या काळी म्हैस नव्हतीच.

सगळी मेख सरसात आहे. कातडी आणि कंडरा पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्या की त्यांतलं कोलॅजन हे प्रथिन सुटून जिलेटिन होतं. आच साठ-पासष्ट अंशांच्या आसपास राखावी लागते. खळाखळा उकळलं तर प्रथिनांच्या साखळ्या तुटतात आणि सरस चिकटतो, पण धरत नाही. फार दाट झाला तर लाकडाच्या छिद्रांत शिरण्याआधीच गोठतो. शिंग आणि लाकूड दोन्हींवर लांबीच्या दिशेने एकमेकांत बसणाऱ्या बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे चिकटण्याचा पृष्ठभाग वाढतो. मग पातळ सरसाचे हात एकावर एक द्यायचे आणि शेवटी दोन्ही भाग जोडून दोरीने करकचून आवळायचे. या टप्प्यावर पृष्ठभागाला बोट लागलं तर त्वचेचा तेलकटपणा तिथे राहतो आणि काही महिन्यांनी जोड नेमका तिथूनच सुटतो.

वाळलेल्या कंडरा कुटून त्यांचे धागे मोकळे करायचे, विंचरायचे, कोमट सरसात भिजवून पाठीवर लांबीच्या दिशेने लावायचे. एक थर सुकल्यावर दुसरा. सुकताना कंडरा आक्रसतात आणि सगळं धनुष्य उलट्या दिशेला खेचतात. हा दोष नाही, हीच करामत आहे. घाई करून उन्हात सुकवलं तर वरचा थर आधी आक्रसतो, कडा उचलल्या जातात आणि भेगा पडतात. सावलीत सुकवायचं, म्हणून काम महिनोन्‌महिने चालतं.

उलटं वळलेलं धनुष्य दोरी चढवतानाच बरंच वाकवावं लागतं. म्हणजे बाण लावण्याआधीच त्यात ताण भरलेला असतो. साध्या धनुष्यात दोरी ओढत जावं तसा जोर शून्यापासून हळूहळू वाढतो. आलेखावर ती तिरकी रेघ, आणि तिच्याखालचा त्रिकोण म्हणजे साठलेली ऊर्जा. 200 न्यूटनचं धनुष्य अर्धा मीटर ओढलं, तर निम्मे गुणिले 200 गुणिले 0.5, म्हणजे 50 ज्यूल. संमिश्र धनुष्यात जोर सुरुवातीलाच झपाट्याने चढतो, रेघ वर फुगते आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ वाढतं. शेवटचा जोर तेवढाच, हात तेवढेच दुखणार, पण ऊर्जा जास्त. शिवाय धनुष्याचे दोन्ही बाहू आखूड आणि हलके, त्यामुळे त्यांना हलवण्यात कमी ऊर्जा वाया जाते आणि बाणाला जास्त मिळते. इजिप्तच्या चित्रांत ही धनुष्यं दोरी चढवल्यावर पसरट त्रिकोणासारखी दिसतात आणि पूर्ण ओढल्यावर अर्धवर्तुळासारखी.

बाणाची काठी बोरूची, म्हणजे हलकी आणि ताठ. पुढे कठीण लाकडाचा तुकडा आणि टोकाला कांस्य, हाड किंवा गारगोटी.

दुसरा अमेनहोतेप या राजाचा गिझाच्या स्फिंक्सजवळचा शिलालेख सांगतो की त्याने कारागिरांची पारख करण्यासाठी 300 धनुष्यं ओढून पाहिली. हे पटण्यासारखं आहे, कारण दोन धनुष्यं सारखी निघत नाहीत. पण पुढे तोच लेख म्हणतो की धावत्या रथातून त्याने हाताच्या पंजाच्या रुंदीएवढ्या जाड तांब्याच्या पाट्यांतून बाण आरपार काढले. इजिप्शियन पंजा म्हणजे सुमारे साडेसात सेंटिमीटर. 25 ग्रॅमचा बाण सेकंदाला 50 मीटर वेगाने गेला, तर त्याची ऊर्जा 31 ज्यूल भरते. तीन किलोचं वजन एक मीटरवरून टाकलं तर जवळपास तेवढीच. तेवढ्यात एवढं तांबं फुटत नाही. पाषाणावर कोरलेली जाहिरातही जाहिरातच असते.

अशा धनुष्यांचं मोल शत्रूलाही ठाऊक होतं. इ.स.पू. 1457 च्या सुमाराला इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याने कनान प्रदेशातलं मेगिद्दो शहर जिंकलं. त्या लुटीची यादी इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर आहे: 924 रथ, 2,041 घोड्या, 200 चिलखतं आणि 502 धनुष्यं.

या शस्त्राचा वैरी एकच, ओल. सरस हवेतलं पाणी ओढून घेतो, मऊ पडतो, कंडरा सैलावतात आणि धनुष्याचा जीव जातो. म्हणून वरून भूर्जाच्या झाडाची साल गुंडाळत. हे झाड इजिप्तमध्ये उगवत नाही, साल दूरवरून आणावी लागे. पावसाळा नसलेल्या देशात हे धनुष्य रुजलं यात नवल नाही. तरीही बंद थडग्यातल्या दमटपणाने आपलं काम केलंच. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला 1922 मध्ये तुतनखामेनचं थडगं सापडलं, तेव्हा रथांच्या साजाचं चामडं विरघळून काळा, चिकट लगदा झालं होतं. कारागिराने चुलीवर काही तासांत जे घडवून आणलं असतं, ते तिथे तेहतीसशे वर्षांत आपोआप घडलं होतं: कोलॅजन सुटलं आणि चामड्याचा सरस झाला.