माकी-ए फाउंटन पेन

उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे थर चढवून त्यांवर सोन्याचांदीच्या भुकटीने चित्र काढलेले जपानी शाईचे पेन. ‘माकी-ए’ म्हणजे शब्दशः ‘पेरलेले चित्र’. शेतात बी पेरण्यासाठी जपानीत जे क्रियापद वापरतात तेच या नावात आहे. ओल्या उरुशीने रेघ ओढायची आणि ती ओली आहे तोवर तिच्यावर सोन्याचा चुरा भुरभुरायचा, ही मूळ कृती. रांगोळी घालणाऱ्या हाताला यातले अर्धे लगेच कळेल. उरलेल्या अर्ध्यासाठी काही वर्षे उमेदवारी करावी लागते.

उरुशीला मराठीत सरसकट ‘लाख’ म्हटले जाते, ते चूक आहे. लाख हा किड्यांनी फांद्यांवर सोडलेला स्राव. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी वस्तू आणि लाखेच्या बांगड्या आपल्याला माहीत आहेत. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत याच लाखेपासून गेला. उरुशी मात्र झाडाचा चीक आहे, आणि त्याचे कुळ आंबा, काजू व बिब्बा यांचे. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे ज्याने भोगले आहे, त्याला उरुशीच्या कारागिराच्या अंगावर सुरुवातीच्या दिवसांत उठणारे फोड वेगळे समजावून सांगायला नकोत. त्रास देणारे द्रव्य एकाच जातीचे आहे. नीट पक्का झालेला थर सहसा बाधत नाही. अगदी ताज्या पेनाला मात्र किंचित आंबूस वास येतो आणि संवेदनशील कातडीला खाज सुटू शकते.

झाड दहापंधरा वर्षांचे झाले की उन्हाळ्यापासून शरदापर्यंत त्याच्या सालीवर आडव्या खाचा मारून चीक गोळा करतात. एका झाडाचा सगळा हंगाम मिळून जेमतेम २०० ग्रॅम. त्यानंतर झाड तोडून टाकतात आणि बुंध्यातून नवे धुमारे येऊ देतात. जपानमधला बहुतांश देशी चीक इवाते प्रांतातल्या जोबोजी भागातून येतो. तरीही देशात वापरली जाणारी बरीचशी उरुशी चीनमधून आयात होते.

उरुशी वाळत नाही, ती घट्ट होते. तिच्यातला लॅकेस हा विकर (एन्झाइम) हवेतला ऑक्सिजन घेऊन थराचे कठीण जाळे बनवतो आणि या कामाला त्याला ओलावा लागतो, म्हणून कामाच्या वस्तू दमट कपाटात ठेवतात : तापमान साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस, आर्द्रता ७० ते ८५ टक्के. या कपाटाला ‘फुरो’ म्हणतात. स्नानगृहालाही जपानीत हाच शब्द आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तशा हवेत उरुशी खुशीत असते. एक थर चढवायचा, कपाटात ठेवायचा, कोळशाने घासून सपाट करायचा, पुन्हा थर. चांगल्या पेनाला असे कित्येक थर लागतात आणि काम महिनोन्‌महिने चालते. हाताचा वेळ त्यात थोडा, थांबण्याचा जास्त.

चित्रकामाकडे जवळून पाहिले तर हत्यारे फार साधी दिसतात. उंदराच्या किंवा मांजराच्या केसांचा लांब बारीक कुंचला, आणि बांबूची अथवा पिसाच्या देठाची एक नळी, जिच्या तोंडाला तिरक्या कापावर रेशमी जाळी ताणलेली असते. नळीत सोन्याचा चुरा भरतात आणि तर्जनीने टिचक्या मारत तो ओल्या रेघेवर पाडतात. चुऱ्याचे दाणे आकारानुसार क्रमांकांनी विकले जातात. जाड दाण्याची चमक खोल दिसते, बारीक दाण्याची मऊ. शेवटची झिलई पुष्कळदा नुसत्या बोटाने देतात : हरणाच्या शिंगाची राख किंवा तत्सम मऊ पूड आणि तेलाचा थेंब घेऊन बोटाचे टोक फिरवत राहायचे.

तीन प्रकार मुख्य. ‘हिरा माकी-ए’त चित्र पृष्ठभागाच्या किंचितच वर राहते. ‘तोगिदाशी’त पूर्ण चित्रावर पुन्हा उरुशी चढवून सगळे झाकून टाकतात आणि मग कोळशाने घासत ते खालून वर काढतात, चित्र आणि जमीन एका पातळीत येतात, बोटाला काहीच लागत नाही. ‘ताका माकी-ए’त चित्राचा भाग आधी उठावदार केलेला असतो. यांशिवाय शिंपल्याच्या तुकड्यांचे ‘रादेन’, अंड्याच्या कवचाचे ‘रांकाकु’ (उरुशीत शुद्ध पांढरा रंग मिळत नाही, म्हणून बगळ्याचा पांढरेपणा अंड्याकडून उसना घ्यायचा), कोरलेल्या रेघांत सोने भरण्याचे ‘चिंकिन’. माझ्या मते पेनावर सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी नजरेत भरणारी कामगिरी तोगिदाशीची. घासताना एक फेरा जास्त झाला तर सोने निघून जाते, कमी झाला तर चित्र धुक्यातच राहते.

ही कला हेइआन काळापासूनची, म्हणजे हजार वर्षांहून जुनी. पेटारे, लेखनपेट्या, औषधाच्या डब्या यांवर ती वाढली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी आणि जेझुइट पाद्री यांनी जपानी कारागिरांकडून पेटारे आणि धर्मग्रंथ ठेवायचे बैठे स्टँड करून घेतले. हा माल मकाव आणि गोव्याच्या मार्गाने युरोपात जाई. पेनापर्यंत ती पोचायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि कारण सौंदर्याचे नव्हते, रसायनाचे होते.

जहाजावर अभियंता राहिलेले र्‍योसुके नामिकी आणि त्यांचे सहकारी मासाओ वादा यांनी १९१८ मध्ये पेनांची कंपनी काढली. त्या वेळी पेनाची दांडी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असे. एबोनाइट उजेडाने आणि ओलाव्याने फिकटते, काळ्याचे तपकिरी होते. आजोबांच्या ट्रंकेतले जुने भारतीय पेन ज्याने काढून पाहिले आहे त्याला हा मळकट रंग ओळखीचा असेल. नामिकींनी १९२५ च्या सुमारास त्यावर उरुशीचा थर बसवण्याची पद्धत शोधली. थर चढलाच आहे तर त्यावर चित्र का नको, ही पुढची पायरी. कानाझावाचे माकी-ए कलावंत गोन्‌रोकु मात्सुदा कंपनीच्या कामात आले, त्यांच्याभोवती कारागिरांची मंडळी जमली आणि १९३१ मध्ये ‘कोक्कोकाई’ हा गट उभा राहिला. त्याच सुमारास, १९३० मध्ये, आल्फ्रेड डनहिल या लंडनच्या पेढीशी करार झाला होता. ‘डनहिल-नामिकी’ अशी दुहेरी नावे असलेली त्या वर्षांतली पेने आज लिलावांत फार वरच्या किमतीला जातात. कंपनीने १९३८ मध्ये ‘पायलट’ हे नाव घेतले. ‘नामिकी’ आता तिच्या माकी-ए पेनांची मुद्रा म्हणून उरले आहे. मात्सुदांना १९५५ मध्ये जपान सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता दिली.

आज नामिकीची पेने पायऱ्यापायऱ्यांनी विकली जातात : हिरा माकी-एची ‘निप्पॉन आर्ट’, वरच्या दर्जाची ‘युकारी’, आणि सर्वांत मोठे ‘एम्परर’. एम्परर टोपणासह साधारण १७ सेंटिमीटर लांब असते, त्याला ५० क्रमांकाची १८ कॅरेटची निब असते आणि शाई ड्रॉपरने भरतात. ड्रॉपरने भरायचे पेन म्हटले की आपल्याला शाळेतले निळे बोट आठवते. इथे फरक एवढा की शेपटाकडे एक झडप आहे. बराच वेळ लिहायचे असेल तर मागची घुंडी थोडी सैल करायची, खिशात ठेवताना घट्ट. प्लॅटिनम (१९१९) आणि सेलर (१९११) या जुन्या जपानी कंपन्याही माकी-ए पेने काढतात. प्लॅटिनमशी नाते असलेली ‘नाकाया’ मागणीनुसार एबोनाइटची उरुशी पेने बनवते आणि खरेदीदाराची लिहिण्याची ढब विचारून निब घासून देते. जर्मनीच्या पेलिकानने आपली पेने जपानी कलावंतांकडून रंगवून घेतली आहेत.

किमती शेकडो डॉलरपासून पाच आकडी डॉलरपर्यंत. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : यात सोने किती तोळे? उत्तर निराशा करणारे आहे. चित्रातले सोने चिमूटभर असते, निब वेगळी काढली तरी वजन क्षुल्लक. वितळवून काही हाती लागत नाही. पैसे थरांचे, घासण्याचे आणि कपाटातल्या दिवसांचे असतात.

म्हणूनच खरेदीत पहिली अडचण ‘माकी-ए’ या शब्दाचीच. दुकानांत तो तीन वेगळ्या मालांवर लावलेला दिसतो. एक, उरुशी आणि हाताचे चित्र. दोन, ‘आधुनिक माकी-ए’ म्हणजे जाळीतून छापलेली रेघ, वर सोनेरी भुकटी, क्वचित शेवटी हाताचा स्पर्श. तीन, राळेच्या दांडीवरचे नुसते छापील चित्र. दुसऱ्या प्रकारात फसवणूक नाही, तो स्वस्त आहे आणि तसे सांगून विकला जातो. घोटाळा होतो तो दुसरा प्रकार पहिल्याच्या भावाने घेतल्यावर. दहापट मोठे दाखवणारे भिंग हाच सोपा उपाय. छापील रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि तिच्या कडेला जाळीचे दाते दिसतात. हाताची रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये भरलेली, शेवटी निमुळती. सोन्याचे दाणे एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ होत जातात. ढग किंवा धुके असेल तर तिथेच भिंग धरावे, कारण विरळ होत जाणारी भुकटी छापून आणणे कठीण. मग पेन सावकाश फिरवून पाहावे. नळकांड्यावरचे चित्र एका नजरेत कधीच मावत नाही. चांगल्या कामात क्रौंचाचा पंख टोपणावरून दांडीवर येतो आणि टोपण फिरवून बंद केले की रेघ जुळते. हलक्या कामात मागची बाजू मोकळी सोडलेली असते.

कलावंताची सही आणि लाल ‘काओ’ हे चिन्ह वरच्या पेनांवर असते. जुने पेन घेताना सही, पाउलोनिया लाकडाची मूळ पेटी आणि पेटीवरचा मजकूर यांचा मेळ बसतो का ते पाहावे. टोपणाच्या ओठावर बारीक तडे आहेत का, निब मूळची आहे की बदललेली, हेही विचारावे. परदेशातून पार्सल मागवताना कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच भाव ठरवावा. त्यांच्याविना केलेला हिशेब घरी आल्यावर लागत नाही.

विषय ठरावीक आहेत : फुजी, क्रौंच, कासव, धबधबा चढणारा कोई मासा, पाइन-बांबू-प्लम. सात भाग्यदेवताही वारंवार येतात. त्यांपैकी वीणेसारखे ‘बिवा’ वाद्य घेतलेली बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेली आपली सरस्वती. दसऱ्याला पाटीपूजन करणाऱ्या घरात असे पेन शोभेलच.

चित्र नसलेल्या, नुसत्या उरुशीच्या पेनांचा एक वेगळा चाहतावर्ग आहे. त्यांच्यातले ‘तामेनुरी’ म्हणजे लाल थरावर पारदर्शक तपकिरी उरुशी. कडांवर थर पातळ बसतो म्हणून तिथे खालचा लाल उजळ दिसतो. वर्षे जातात तशी वरची उरुशी अधिक पारदर्शक होते आणि पेन हळूहळू लालसर होत जाते. उन्हाने मात्र उरुशी खराब होते, तेव्हा खिडकीच्या पेनस्टँडमध्ये ते ठेवू नये. टोपण मागे खोचू नये, चरे पडतात. पुसायला मऊ सुती कापड पुरे. स्पिरिट, सॅनिटायझर लावू नये. यांतली बरीच पेने बिनक्लिपची असतात आणि उतरत्या टेबलावरून गडगडतात, म्हणून काहींच्या टोपणावर धातूचा एक चिमुकला मासा किंवा बेडूक बसवलेला असतो. तो शोभेचा वाटतो, पण त्याचे काम पेन अडवण्याचे आहे.