खुर्चीचा लगाम कुणाच्या हाती?

आकाशपाळण्यात बसलेल्या माणसाला कोलांटी खावी लागत नाही. चाक पूर्ण फिरतं, पण डबा वरच्या दांड्याला लटकलेला असतो आणि बसणाऱ्यांच्या वजनानेच सरळ राहतो. रोलर कोस्टरमध्ये ही सवलत नाही. सीट डब्याला घट्ट, डबा रुळाला घट्ट, त्यामुळे रूळ वळेल तसा माणूस वळणार. खोपोलीच्या इमॅजिकातली 'नायट्रो' आठवा. पायाखाली फळी नाही, पाच वेळा डोकं खाली आणि पाय वर होतात, पण सीट डब्यावरची आपली जागा तसूभरही सोडत नाही.

सीटलाच स्वतंत्र गिरकी द्यायची, ही कल्पना मात्र जुनी आहे. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या लूना पार्कमध्ये हेन्री रील यांनी 'व्हर्जिनिया रील' उभारली. गोल टबासारखे डबे नागमोडी वाटेने खाली येत आणि येता येता स्वतःभोवती फिरत. ही फिरकी जात्यासारखी, म्हणजे आडवी. तिच्यावर कुणाचाच ताबा नव्हता. वळण कसं लागलं आणि टबात कोण कुठे बसलं, यावर सगळं. आज जत्रांपासून मोठ्या पार्कांपर्यंत दिसणारे फिरत्या डब्यांचे छोटे कोस्टर याच कुळातले. जर्मनीच्या फॅन्टासियालँडमध्ये २००२ साली आलेली 'विन्यास' हे त्यातलं एक देखणं उदाहरण. पण जात्यासारखं फिरणं वेगळं आणि विहिरीवरच्या रहाटासारखं फिरणं वेगळं. खरी डोकेदुखी रहाटाची होती.

ती अंगावर घेतली अॅरो या अमेरिकन कंपनीने. पोलादी कोस्टरचा इतिहास या नावाशिवाय सांगताच येत नाही. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'साठी तिने पोलादी नळ्यांचा रूळ वापरला. लाकडी रुळाला जी वळणं सहसा पेलवत नव्हती, ती नळी वाकवून करता येऊ लागली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कमध्ये 'कॉर्कस्क्रू' आली आणि माणसं उलटी होऊन सुखरूप परतू लागली. तिथे अॅरोचे अभियंते होते रॉन टूमर. त्याआधी त्यांनी अपोलो यानाच्या उष्णतारोधक कवचावर काम केलं होतं. पुढची पंधराएक वर्षं 'आणखी उंच, आणखी कोलांट्या' या एकाच स्पर्धेत गेली. रूळ किती वेळा उलटा करायचा याला शेवटी मर्यादा येते. मग उरली सीट.

अॅलन शिल्की यांच्या रचनेवर बांधलेली 'एक्स' कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमध्ये २००२ च्या जानेवारीत रीतसर सुरू झाली. तिला 'चौथ्या मितीची कोस्टर' म्हणतात. नाव भपकेबाज आहे, पण त्यामागचा अर्थ साधा: रूळ तुम्हाला वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे नेतो, त्यावर सीटची स्वतःची गिरकी ही चौथी गोष्ट.

यंत्र समजून घेण्यासारखं आहे. सीट रुळाच्या वर नसतात, पक्ष्याच्या पंखांसारख्या डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर असतात. त्यामुळे गाडीची रुंदी २० फुटांवर जाते, जवळजवळ दोन ट्रक शेजारी-शेजारी उभे केल्यासारखी. खाली रुळांच्या दोन जोड्या. एक जोडी गाडीचं ओझं वाहते. दुसरीवर ओझं नसतं, तिचं काम फक्त हुकूम सोडायचं. ही दुसरी जोडी पहिलीच्या तुलनेत वर सरकली की डब्यातली एक दातेरी पट्टी ढकलली जाते, पट्टी दातेरी चाक फिरवते आणि चाकाच्या आसावर बसवलेली सीट कलंडते. जोडी खाली गेली की सीट उलट्या दिशेने फिरते. म्हणजे कोणत्या क्षणी तुम्ही पालथे पडणार, कोणत्या क्षणी उताणे, हे सगळं कारखान्यात पोलाद वाकवलं तेव्हाच ठरलेलं. मला यातली ही शिस्त फार आवडते. गाण्याचे स्वर लिहून ठेवतात तशी कोलांट्यांची एक नोटेशनच म्हणा ना, फक्त ती कागदावर नाही, रुळावर लिहिलेली.

चढ पाठमोरा चढायचा, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसतच नाही. माथा ओलांडला की सीट कलते आणि चेहरा थेट जमिनीकडे होतो. चढ १७५ फुटांचा, पण उतार २१५ फुटांचा. पार्क टेकडीवर असल्याचा हा फायदा. वेग ताशी १२२ किलोमीटरच्या आसपास.

पण शिस्तीची किंमत वजनात मोजावी लागली. फिरती सीट, तिचा आस, तिचे दाते, पंखांसारखा लांब सांगाडा, हे सगळं रुळावर आदळत धावणार. पहिल्याच वर्षी कोस्टर दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली. अॅरोने तर त्याआधीच, डिसेंबर २००१ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कंपनीची आर्थिक दुखणी जुनी होती, पण अशा खर्चिक प्रयोगाने ती बरी होणार नव्हती हे उघड आहे. २००२ च्या अखेरीस युटामधल्याच एस अँड एस कंपनीने अॅरोची मालमत्ता विकत घेतली आणि हे तंत्र तिच्याकडे गेलं. २००८ मध्ये 'एक्स'ला हलक्या नव्या गाड्या मिळाल्या आणि तिचं नाव 'एक्स टू' झालं.

जपानने हीच कल्पना मनावर घेतली. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजी-क्यू हायलँडमध्ये २००६ च्या जुलैत 'ए-जा-नाय-का' उघडली. ७६ मीटर उंच, ताशी १२६ किलोमीटर. बसण्याआधी बूट काढायला लावतात, आणि त्या सीटचं रहाटगाडगं पाहिलं तर का ते विचारावं लागत नाही. नावाचा अर्थ साधारण 'चालतंय की!' १८६७ मध्ये, एदो काळ म्हणजे शोगुन या लष्करी सरदारांची राजवट संपत आली असताना, जपानात लोक हेच शब्द ओरडत रस्त्यांवर नाचले होते. त्या बेबंद नाचाचं नाव सगळ्यात काटेकोर यंत्राला द्यावं, ही गंमत जाणूनबुजून केली की नाही कोण जाणे. या कोस्टरच्या नावावर १४ कोलांट्यांचा विक्रम लागला, आणि वादही. रूळ उलटा झाला की कोलांटी धरायची, की सीट उलटी झाली तरी धरायची? पुढे २०१३ मध्ये इंग्लंडच्या 'द स्मायलर'ने घट्ट सीटवर, निव्वळ रुळाच्या बळावर, १४ चा आकडा गाठला. या प्रकारची आणखी एक 'डायनोकोंडा' २०१२ मध्ये चीनमधल्या चांगझोऊला आली. बस्स. तिसरीनंतर ही वंशावळ जवळजवळ थांबलीच.

कारण दरम्यान इतरांनी लगाम सोडून द्यायचं ठरवलं होतं. स्वित्झर्लंडच्या इंटामिनने २००७ मध्ये हेलसिंकीच्या लिन्नानमाकी पार्कात 'किर्नू' बसवली. एकावर एक रचलेला जिन्यासारखा नागमोडी रूळ, दोन्ही बाजूंना सीट, आणि सीटला हुकूम देणारे जादा रूळ नाहीतच. रुळाने दिशा बदलली की सीट आपल्या वजनाने हेलकावते, फार जोर लागला तर उलटते. जागा कमी लागते, पोलादही कमी. पण वजनाचा समतोल बिघडला की प्रवास अंग खिळखिळं करणारा. याच प्रकारातली 'ग्रीन लँटर्न' २०११ मध्ये थेट 'एक्स टू'च्या पार्कात आली आणि काही वर्षांतच बंदही पडली.

मधली वाट एस अँड एसनेच काढली, ज्यांच्या घरात अॅरोचा वारसा होता. २०१५ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत 'बॅटमॅन' सुरू झाली. इथेही सीट मोकळी, पण ठरावीक ठिकाणी रुळालगत चुंबक बसवलेले. डबा तिथून जाताना चुंबक सीटला फिरवतात. चुंबक मागे पडले की पुढचं पुन्हा वजनावर. शेजारच्या डब्यातली मंडळी तीनदा उलटली आणि आपण दोनदाच, असं इथे सर्रास होतं. म्हणून हौशी लोक एक फेरी झाली की उतरतात, आणि कोण कुणाच्या जोडीला बसणार हे बदलून पुन्हा रांगेत उभे राहतात.