पालेभाजीचा समोसा आणि पन्नाशीतला मधुमेह

२००६ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा वैद्यकीय प्रयोग सुरू झाला. त्यात औषध नव्हतं, समोसा होता. मूल हवं असलेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या ६,५१३ बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला समोसा किंवा भज्यांसारखा खाऊ मिळे. दुसऱ्या गटाच्या खाऊत कांदा-बटाटा, म्हणजे मुंबईचं नेहमीचंच सारण. दोन्ही गटांनी खाऊ केंद्रावर येऊन कार्यकर्तीसमोर खायचा. घरी नेला असता तर कोणाच्या पोटात गेला असता, ते सांगायला नको.

एवढा खटाटोप कशासाठी? इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर या संशोधक डॉक्टरांनी हर्टफर्डशरच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या. जन्मताना वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. कारण शरीराच्या घडणीत आहे. मूत्रपिंडातल्या गाळण्या गर्भारपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर एकही नवी बनत नाही. पोटात पोषण तोकडं पडलं तर गाळण्या कमी, आणि त्याचा हिशेब उतारवयात रक्तदाबाच्या रूपात होतो. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाचंही काहीसं असंच.

पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याला आपल्याकडचा एक विचित्र पैलू जोडला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. पण वजनात एवढा फरक असून आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. हडकुळा दिसणारा मराठी माणूसही मधुमेहाला का बळी पडतो, याचं उत्तर बहुधा इथून सुरू होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत.

मग मुंबईच्या समोशाने काय साधलं? वजनाच्या काट्यावर पाहिलं तर फारसं नाही. पालेभाजीच्या गटातली बाळं सरासरी २६ ग्रॅमने जड निघाली, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाणाऱ्यांत तो ४८ ग्रॅम होता. खरी गंमत पुढे आहे. सगळ्यात बारीक बायकांच्या बाळांचं वजन वाढलंच नाही. बऱ्या अंगाच्या बायकांच्या बाळांचं मात्र जवळपास शंभर ग्रॅमने वाढलं. आई स्वतःच उपाशी असेल तर जीवनसत्त्वं एकटी काय करणार? आधी पोटभर भाकरी, मग त्यात मेथी-पालक, असा याचा अर्थ मला लागतो. संशोधक इतक्या ठामपणे बोलणार नाहीत.

पण वजनाच्या नादात एक निकाल मागे राहतो, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. गरोदरपणी ग्लुकोज पाजून साखर तपासली तेव्हा कांदा-बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना गर्भारपणातला मधुमेह निघाला, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, त्याचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि चरबी साठते. अशा मुलांना मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त. बाळ गुटगुटीत दिसतं म्हणून घरचे खूश असतात, ते वेगळंच.

या प्रयोगाने सगळ्यांत मोठा प्रश्न वेळेबद्दल उभा केला आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचाही अंदाज नसतो. अंगणवाडीचा पूरक आहार मात्र गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होतो. नुकतं लग्न होऊन धारावीत किंवा गोवंडीत आलेली, सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खाणारी मुलगी त्या यादीत अजून बसतच नाही.