सिंगल-बोर्ड संगणकावरील संथ वेबकॅम स्ट्रीम : निदान व उपाय

प्रोसेसर, मेमरी आणि सगळे पोर्ट एकाच सर्किट बोर्डवर असलेल्या छोट्या संगणकाला यूएसबी वेबकॅम जोडून त्याचे चित्र नेटवर्कवरून दुसरीकडे पाहताना ते तुटक, अडखळत किंवा उशिरा दिसणे, ही अशा संगणकांच्या वापरातील नेहमीची अडचण आहे. या वर्गातील सर्वांत परिचित संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. त्याची पहिली आवृत्ती २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आली. पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प, सोसायटीचे फाटक, भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधील थ्रीडी प्रिंटर, गणेशोत्सवात मंडळाच्या मूर्तीचे ऑनलाइन दर्शन, इतकेच काय गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाने बांधलेले घरटे, अशा नाना ठिकाणी हा बोर्ड आणि एक साधा वेबकॅम अशी जोडी दिसते. चित्र संथ झाले की दोष बहुधा बोर्डाच्या प्रोसेसरला दिला जातो आणि अधिक महाग बोर्ड आणला जातो. प्रोसेसरचा दोष मात्र तुलनेने कमी वेळा निघतो. कॅमेऱ्याने निवडलेले चित्रस्वरूप, खोलीतला उजेड, यूएसबी केबल आणि सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंग यांची तपासणी त्याआधी व्हायला हवी.

संथपणाचे दोन प्रकार : ‘स्ट्रीम स्लो आहे’ या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. सेकंदाला पुरेशा फ्रेम (चलचित्रातील एकेक स्थिर चित्र) न येणे ही पहिली. त्यात चालणारा माणूस उड्या मारत पुढे सरकल्यासारखा दिसतो. दुसरी गोष्ट विलंबाची. त्यात हालचाल सफाईदार असते, पण फाटकातून गाडी आत येऊन उभी राहिल्यावर ती पडद्यावर फाटकाशी दिसते. पहिल्याचे कारण सहसा कॅमेरा, यूएसबी किंवा प्रोसेसरकडे सापडते, तर दुसऱ्याचे कुठेतरी साठत जाणाऱ्या बफरमध्ये, म्हणजे फ्रेमच्या तात्पुरत्या साठ्यात. विलंब मोजण्याची सोपी रीत अशी, की मोबाइलवर मिलिसेकंद दाखवणारे स्टॉपवॉच चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरावा आणि मोबाइल व स्ट्रीमचा पडदा दोन्ही एकाच छायाचित्रात टिपावेत. दोन आकड्यांमधील फरक म्हणजे एकूण विलंब.

किती फ्रेम पुरेशा, हे कशावर नजर ठेवायची आहे यावर ठरते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर रोखलेला कॅमेरा हा वेबकॅमचा आद्य नमुना मानला जातो. त्याचे चित्र मिनिटाला साधारण तीनदाच बदलत असे आणि भांड्यात कॉफी उरली आहे का, हे कळण्यास तेवढे पुरत असे. घरट्यासाठी सेकंदाला पाच फ्रेम पुष्कळ झाल्या, पण गाडीचा नंबर टिपायचा असेल तर पंधराच्या खाली जाऊन भागत नाही.

चित्रस्वरूप आणि यूएसबीची क्षमता : बहुतेक वेबकॅम चित्र दोन स्वरूपांत देतात, एक असंपीडित (न दाबलेले) वाययूवायव्ही आणि दुसरे एमजेपीईजी, ज्यात प्रत्येक फ्रेम ही कॅमेऱ्याच्या आतच दाबलेली स्वतंत्र जेपीईजी प्रतिमा असते. वाययूवायव्हीमध्ये एका पिक्सेलला दोन बाइट लागतात. त्यामुळे ६४० × ४८० आकाराची एक फ्रेम ६,१४,४०० बाइटची, १२८० × ७२० ची १८,४३,२०० बाइटची आणि १९२० × १०८० ची ४१,४७,२०० बाइटची होते. यूएसबी २.० वर वेबकॅम ज्या आयसोक्रोनस (ठराविक वेळाने राखीव जागा मिळणाऱ्या) पद्धतीने माहिती पाठवतात, तिच्यात १२५ मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक खेपेत जास्तीत जास्त ३,०७२ बाइट जातात, म्हणजे सेकंदाला २,४५,७६,००० बाइट. या आकड्याला फ्रेमच्या आकाराने भागले की परिस्थिती स्पष्ट होते. सर्वांत लहान आकारात ३० फ्रेम सहज बसतात, ७२० ओळींच्या चित्रात तेराच्या पुढे जाता येत नाही आणि १०८० ओळींत सहासुद्धा पुऱ्या होत नाहीत. म्हणूनच अनेक वेबकॅम असंपीडित स्वरूपात या दोन आकारांसाठी अनुक्रमे १० आणि ५ फ्रेमचाच दर जाहीर करतात. खोक्यावर ‘फुल एचडी, ३० एफपीएस’ (म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम) असे छापलेले खोटे नसते, पण ते एमजेपीईजीपुरते खरे असते.

अशा बोर्डांवर सहसा चालणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीमध्ये व्हिडिओ फॉर लिनक्सच्या साधनसंचातील व्ही४एल२-सीटीएल ही आज्ञा कॅमेऱ्याची सर्व स्वरूपे, आकार आणि त्यांचे दर यांची यादी देते. तपासणीची सुरुवात या यादीपासून करावी. याच आज्ञेने नेटवर्क आणि इतर सॉफ्टवेअर पूर्णपणे बाजूला ठेवून कॅमेऱ्याकडून थेट फ्रेम घेता येतात आणि प्रत्यक्षात मिळणारा दर पडद्यावर छापला जातो. येथेच दर कमी निघाला तर दोष कॅमेरा, उजेड किंवा केबल यांत आहे, आणि येथे तो पूर्ण मिळाला तर शोध पुढच्या टप्प्यांत करायचा. या एका चाचणीने निम्मे काम होते, तरीही ती क्वचितच केली जाते.

केबल हा दुर्लक्षित भाग आहे. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा सुमारे पाच मीटर आहे. हॉलमधल्या बोर्डापासून गॅलरीपर्यंत दोन एक्स्टेंशन जोडून नेलेल्या केबलवर कॅमेरा ४८० मेगाबिटऐवजी १२ मेगाबिटच्या गतीवर उतरू शकतो. यूएसबीवरील साधनांची झाडासारखी यादी दाखवणाऱ्या आज्ञेत ही गती स्पष्ट वाचता येते. पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, केबल घेताना केवळ चार्जिंगची नको, डेटाचीही हवी आणि लांब हवी असल्यास रिपीटर असलेली हवी, असे सांगून घेतलेले बरे.

रास्पबेरी पायच्या पहिल्या तीन पिढ्यांत यूएसबीचे सर्व पोर्ट आणि इथरनेट एकाच यूएसबी २.० मार्गावर होते, त्यामुळे कॅमेऱ्याकडून आत येणारा आणि केबलमार्गे बाहेर जाणारा प्रवाह एकाच वाटेने जात असे. २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत यूएसबी ३.० आणि स्वतंत्र गिगाबिट इथरनेट आल्याने ही कोंडी सुटली. एकाच मार्गावर दोन वेबकॅम लावले की मात्र आणखी एक फसवा प्रकार घडतो. पहिल्या कॅमेऱ्याने आयसोक्रोनस क्षमता राखून ठेवलेली असल्याने दुसरा सुरू होत नाही आणि ‘डिव्हाइसवर जागा उरलेली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. तो वाचून मेमरी कार्डावरील फाइली पुसण्याचा उद्योग अनेकांनी केला आहे. जागा संपलेली असते ती यूएसबी मार्गावरची, कार्डावरची नव्हे. उपाय म्हणून चित्राचा आकार कमी करावा किंवा दुसरा कॅमेरा वेगळ्या यूएसबी कंट्रोलरवर लावावा.

उजेडाचा परिणाम : सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमचे एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश टिपण्याची वेळ, ३३ मिलिसेकंदांहून लांबवता येत नाही. प्रकाश मंद झाला की स्वयंचलित एक्स्पोजर असलेला वेबकॅम चित्र काळे पडू न देण्यासाठी एक्स्पोजर वाढवतो आणि त्यापायी फ्रेमदर १५ किंवा त्याहून खाली आणतो. दिवसा नीट चालणारी स्ट्रीम संध्याकाळी संथ होते, जुलैतल्या झाकोळलेल्या दुपारी पुन्हा तसेच होते, आणि नेट स्लो आहे असा निष्कर्ष निघतो. लिनक्समध्ये यूएसबी वेबकॅम चालवणाऱ्या यूव्हीसी ड्रायव्हरमध्ये यासाठी एक नियंत्रण आहे. जुन्या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या मूळ भागात) त्याचे नाव ‘एक्स्पोजर ऑटो प्रायॉरिटी’ असे होते, तर नव्यात ते ‘एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ असे आहे. ते शून्य केल्यास दर टिकतो, पण चित्र अंधारते. तेव्हा दिवा लावणे किंवा कमी दर मान्य करणे, यांपैकी एक स्वीकारावे लागते. मंडपातील झगझगीत रोषणाईत हा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो जिन्याखालच्या पार्किंगमध्ये.

भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असताना कॅमेऱ्यात ६० हर्ट्झची निवड राहिली, तर दिव्यांच्या प्रकाशात चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. हा वास्तविक संथपणा नव्हे, तरी पाहणाऱ्याला चित्र अडखळते आहे असे वाटते. ‘पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी’ हे नियंत्रण ५० वर आणले की पट्टे जातात.

सॉफ्टवेअर : एमजेपीईजी स्वरूपातील फ्रेम कॅमेऱ्याकडून घेऊन जशीच्या तशी पुढे पाठवणाऱ्या एमजेपीजी-स्ट्रीमरसारख्या प्रोग्रामवर प्रोसेसरचा भार अगदी थोडा असतो. त्याच प्रोग्रामला वाययूवायव्ही घ्यायला सांगितले तर प्रत्येक फ्रेम बोर्डाला स्वतः दाबावी लागते आणि भार एकदम चढतो. हालचाल ओळखणारा ‘मोशन’ हा प्रोग्राम प्रत्येक फ्रेम उलगडतो, आधीच्या फ्रेमशी ताडून पाहतो आणि पुन्हा दाबतो, त्यामुळे तो मुळातच अधिक श्रमाचा आहे. त्याची स्ट्रीम सेकंदाला एकच फ्रेम दाखवते ही तक्रार मात्र श्रमामुळे येत नाही. ‘स्ट्रीम मॅक्सरेट’ या सेटिंगचे मूळ मूल्यच १ असते आणि ते वाढवल्याशिवाय कितीही शक्तिमान बोर्ड आणला तरी चित्र तसेच राहते. याच प्रोग्रामच्या पॅलेट सेटिंगमध्ये ८ हा क्रमांक एमजेपीईजीसाठी आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत चित्रांवर प्रक्रिया करणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी सर्रास वापरली जाते. तिच्यात स्वरूप स्पष्टपणे न मागितल्यास बहुधा वाययूवायव्ही मिळते. शिवाय ड्रायव्हर काही फ्रेम बफरमध्ये धरून ठेवतो. चेहरा ओळखण्याची प्रक्रिया एका फ्रेमला अर्धा सेकंद घेत असेल, तर वाचली जाणारी फ्रेम दर वेळी शिळी असते. फ्रेम वाचण्याचे काम स्वतंत्र थ्रेडकडे (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाकडे) देऊन केवळ ताजी फ्रेम प्रक्रियेला पुरवावी, म्हणजे हा विलंब जातो. प्रकल्पाचे चित्र व्हीएनसी किंवा एसएसएच या दूरजोडणीच्या साधनांवरून लॅपटॉपवर पाहिले जात असेल, तर दाखवण्याची ती वाटच संथ असते आणि कॅमेऱ्याला उगाच बोल लागतो. प्रोसेसरचा भार पाहतानाही एक सावधगिरी हवी. चार गाभ्यांच्या (कोअरच्या) बोर्डावर एका थ्रेडचा प्रोग्राम एक गाभा पूर्ण व्यापून बसला, तरी एकूण वापर २५ टक्केच दिसतो.

एच.२६४ या व्हिडिओ स्वरूपात दाबल्यास प्रवाह पुष्कळ लहान होतो, पण ते काम हार्डवेअरने करणे इष्ट असते. रास्पबेरी पाय ४ मध्ये असा हार्डवेअर एन्कोडर आहे, २०२३ च्या पाय ५ मध्ये तो नाही. नव्या बोर्डावर हे काम प्रोसेसरच करतो आणि ७२० ओळींसाठी ते त्याला झेपते. तरीही ‘नवा म्हणजे सर्व बाबतींत वेगवान’ हे गृहीतक येथे चुकते.

नेटवर्क : एमजेपीईजीची ७२० ओळींची एक फ्रेम साधारण एक लाख बाइटची धरली, तर ३० फ्रेमना सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट लागतात. प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रत जाते, म्हणून पाच जण पाहू लागले की १२० मेगाबिट होतात आणि पाय ३ बी पर्यंतचे १०० मेगाबिटचे इथरनेट तेथेच अपुरे पडते. वाय-फायवर ही मर्यादा आणखी लवकर येते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. कोथरूड किंवा वाकडच्या एखाद्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटचा राउटर यांपैकीच एकावर बोलत असतो. ५ गिगाहर्ट्झ वापरणे, वाय-फायची वीजबचत बंद करणे किंवा सरळ केबल टाकणे हे उपाय आहेत, आणि त्यांतला शेवटचा सर्वांत खात्रीचा. बोर्ड ते राउटर ही वाट किती रुंद आहे, हे आयपर्फ या साधनाने कॅमेऱ्याशिवायही मोजता येते.

विलंबाची तक्रार असेल तर प्रसारणाचा प्रकार पाहावा. एचएलएस या प्रसारण-पद्धतीत चित्र सहसा सहा सेकंदांच्या तुकड्यांत विभागले जाते आणि प्लेअर थेट टोकापासून तीन तुकडे मागे राहतो, म्हणजे सुमारे १८ सेकंदांचा उशीर रचनेतच अंतर्भूत असतो. ब्राउझरमधील थेट संवादासाठीच्या वेबआरटीसी पद्धतीने तो सेकंदाच्या आत आणता येतो. मूर्तीच्या दर्शनाला १८ सेकंदांनी काही बिघडत नाही, पण प्रिंटर बंद करण्यासाठी तो उशीर फार होतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मोबाइल डेटावरून प्रसारण करायचे तर गर्दीने नेटवर्क भरलेले असते. तेव्हा आकार आणि बिटरेट (सेकंदाला जाणारी माहिती) आधीच खाली आणून ठेवावेत.

वीज आणि उष्णता : मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल यांवर चालणाऱ्या बोर्डाला वेबकॅम जोडला की व्होल्टेज खाली येते. ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास रास्पबेरी पाय त्याची नोंद घेतो आणि प्रोसेसरची गती उतरवतो. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावरही गती कमी केली जाते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमधील बंद डबीत हे दुपारभर घडू शकते आणि सूर्य कलल्यावर स्ट्रीम आपोआप सुधारते. व्हीसीजेनकमांड या आज्ञेला थ्रॉटलिंगची, म्हणजे गती उतरवण्याची, स्थिती विचारली असता शून्य उत्तर आले, तर बोर्ड सुरू झाल्यापासून असे काही घडलेले नाही. उत्तराच्या शेवटच्या अंकांत चालू स्थिती आणि वरच्या अंकांत होऊन गेलेल्या घटना नोंदलेल्या असतात, त्यामुळे दुपारचा दोष रात्री तपासतानाही सापडतो.

एवढे सर्व पाहूनही अधिक दर हवा असेल, तर यूएसबी वेबकॅम काढून बोर्डावरील कॅमेऱ्यासाठीच्या सीएसआय जोडणीवर चपट्या केबलने लागणारा कॅमेरा वापरता येतो. त्याचे चित्र यूएसबीला वळसा घालून थेट आत येते. मात्र ती केबल आखूड असल्याने बोर्डच कॅमेऱ्याजवळ न्यावा लागतो, आणि रास्पबेरी पायच्या कार्यप्रणालीच्या २०२१ मधील बुलसाय आवृत्तीपासून या कॅमेऱ्यांसाठी लिबकॅमेरा ही प्रणाली आल्याने जुन्या पद्धतीवर लिहिलेले प्रोग्राम त्यावर बदल केल्याशिवाय चालतीलच असे नाही.