कन्कशनोत्तर लक्षणांचे मेंदूचित्रणाद्वारे पूर्वानुमान

डोक्याला मुका मार बसल्यावर पहिल्या काही तासांत वा आठवड्यांत काढलेल्या मेंदूच्या प्रतिमांवरून, डोकेदुखी, घेरी, विसराळूपणा, चिडचिड, झोपमोड ही लक्षणे पुढे महिनोन्‌महिने रेंगाळतील की ओसरतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत. कन्कशन ही मेंदूची सौम्य इजा मानतात. बेशुद्धी आलीच तर ३० मिनिटांच्या आतली, विस्मृती २४ तासांच्या आतली आणि शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात १३ ते १५ गुण, ही १९९३ मधील अमेरिकन व्याख्या २०२३ मध्ये सुधारली गेली, तरी तिची चौकट बहुतांशी टिकून आहे. हे मापन टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडले.

लक्षणे का रेंगाळतात याविषयीचा वाद प्रतिमांपेक्षा बराच जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये रेल्वे अपघातांतून बाहेरून धडधाकट सुटलेल्या प्रवाशांच्या तक्रारींचे मूळ मज्जारज्जूला बसलेल्या हादऱ्यात शोधले. हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये त्याला विरोध करून भीतीच्या धक्क्याकडे बोट दाखवले. पेज एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, ही बाब त्यांचे मत वाचताना ध्यानात ठेवावी. बर्लिनचे ऑपेनहाइम यांनी १८८९ मध्ये दोहोंच्या मधली भूमिका घेतली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कचे स्ट्रॉस व सॅव्हिट्‌स्की पुन्हा शारीरिक कारणाकडे वळले. १९६१ मध्ये हेन्री मिलर यांनी मात्र अशा तक्रारींचा संबंध थेट नुकसानभरपाईच्या दाव्यांशी जोडला. या मताचा न्यायालयांवर व विमा कंपन्यांवर दीर्घकाळ पगडा राहिला. त्याला मिळालेले वजन पुराव्याच्या मानाने अधिक होते असे आज म्हणता येते. कारण १९६८ मध्ये ऑक्सफर्डचे ऑपेनहाइमर (वरील ऑपेनहाइम वेगळे) यांना सौम्य मार लागून नंतर अन्य कारणाने दगावलेल्यांच्या मेंदूतही अक्षतंतूंच्या (चेतापेशींच्या लांब धाग्यांच्या) इजेच्या सूक्ष्म खुणा आढळल्या होत्या. असे असले तरी मानसिक बाजू पुसून टाकता येत नाही. २०१७ च्या एका डच अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांतील मानसिक ताण व त्याला तोंड देण्याची रीत या गोष्टी पुढील प्रकृतीचा अंदाज देण्यात महत्त्वाच्या ठरल्या. २०१९ मधील अमेरिकन पाहणीत सौम्य इजेच्या ५३ टक्के रुग्णांना वर्षभरानंतरही दैनंदिन कामांत अडचणी होत्या. पण केवळ हाडामांसाला मार लागलेल्या तुलनागटातही हे प्रमाण ३८ टक्के होते. संपूर्ण फरक मेंदूच्या माथी मारता येत नाही, तसा तो शून्यही नाही.

सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र ऑक्टोबर १९७१ मध्ये विम्बल्डन येथे घेतले. हाउन्सफील्ड यांचे हे यंत्र. रक्तस्राव वा कवटीचा भंग तातडीने शोधणे हे सीटीचे काम, भाकीत करणे नव्हे. २०१३ मध्ये यू व सहकाऱ्यांनी सौम्य इजेच्या १३५ रुग्णांचे एमआरआय सरासरी १२ व्या दिवशी काढले. सीटी नॉर्मल असलेल्यांपैकी २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये दोष निघाला. मेंदूवर एक जरी ठेचाळलेली जागा किंवा रक्तस्रावी अक्षतंतू-इजेचे चार वा अधिक ठिपके दिसले, तर तीन महिन्यांनंतरची प्रकृती तुलनेने वाईट असण्याचा संभव वाढलेला आढळला. असे ठिपके चुंबकीय ग्रहणशीलतेवर आधारलेल्या एसडब्ल्यूआय या एमआरआयच्याच पद्धतीत अधिक स्पष्ट उमटतात.

डीटीआय हे एमआरआयचेच एक तंत्र बॅसर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडले. श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूच्या तंतुमय भागात, पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती एकमार्गी सरकतात हे ते मोजते. येथे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत : काहींना हा अंक इजेनंतर घटलेला, तर काहींना वाढलेला दिसला. आरंभी पेशींना येणाऱ्या सुजेने तो वाढतो व तंतू झिजल्यावर घटतो, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. म्हणजे स्कॅन कोणत्या दिवशी काढला यावर बरेच अवलंबून राहते. केंब्रिजच्या गटाने २०२३ मध्ये १०८ रुग्णांच्या विश्रांतावस्थेतील एफएमआरआयवरून (मेंदूचे कार्य टिपणाऱ्या एमआरआयवरून), थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील संदेशकेंद्राची उर्वरित मेंदूशी वाढलेली जोडणी व नंतर टिकणारी लक्षणे यांचा संबंध दाखवला. त्यांपैकी ४५ टक्क्यांना सहा महिन्यांनीही लक्षणे होती. मात्र ही गटांची सरासरी आहे. एकट्या रुग्णाच्या निदानासाठी डीटीआय वा एफएमआरआय नित्य वापरावा इतका पुरावा नाही, असेच क्ष-किरणतज्ज्ञांचे सावध मत दिसते.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर, नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून जातो. डोक्याच्या इजांत दुचाकीस्वारांचा वाटा येथेही मोठा समजला जातो. शहर पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम राबवली. हेल्मेटमुळे कवटीचा भंग व रक्तस्राव टळण्यास मदत होते. झटक्याने डोके वळून होणारी अक्षतंतू-इजा त्याच प्रमाणात टळतेच असे नाही. भरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. केंब्रिजच्या अभ्यासात लक्षणे टिकली की नाही हे पाहण्याचा टप्पाही तेवढाच होता.