व्यसन आणि संगत (बेळगाव सीमाभाग)

नशेच्या पदार्थाकडं माणूस का वळतो, आणि दहाजणांनी चाखलं तरी एखादाच का अडकतो, याची सामाजिक आणि मानसिक कारणं या विषयात येतात. पदार्थ, घेणाऱ्याची मनःस्थिती आणि भोवतालची परिस्थिती, तिन्ही मिळून परिणाम ठरतो अशी मांडणी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन झिनबर्ग यांनी १९८४ मध्ये केली.

आपल्याकडं हे समजायला तंबाखू बघावी. निपाणी म्हणजे विडी तंबाखूची मोठी बाजारपेठ, १९८१ मध्ये दरासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवला आणि गोळीबारात माणसं गेली, म्हणजे इथं तंबाखू आधी पीक आणि मजुरी, व्यसन नंतर. जिच्यावर घर चालतं तिला घरात वाईट कोण म्हणणार?

बांधावर कुणीतरी चंची सोडतो, चुना लावून मळतो, दोन टाळ्या हाणून हात पुढं करतो, "घे की". नको म्हटलं तर त्याला राग येतो. पोरगं पहिल्यांदा बार भरतं, डोकं गरगरतं, घाम फुटतो, ओकारी येते आणि बाकीचे हसून म्हणतात "लागली बघ"! समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९५३ मध्ये गांजाबद्दल हेच दाखवलं, की ओढायचं कसं, चढली हे ओळखायचं कसं आणि त्याला मजा मानायचं कसं, हे सोबतचे लोकच शिकवतात.

संगत लगामही घालते खरं. थोरल्यांसमोर, सासऱ्यासमोर बार भरत नाहीत. म्हातारीची मशेरी चालते, सुनेनं घोटभर दारू घेतली की गावभर चर्चा (हा न्याय कुठला ते विचारू नका). पोरगं कामाला लांब गेलं, खोलीवर एकटं राहिलं की हे लगाम सुटतात.

मिळण्याची सोय हे आणखी एक. गोव्यात टॅक्स कमी म्हणून दारू स्वस्त, आणि तिकडं उतरणारा चोर्ला घाट जवळच. गुटखा महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंद झाला, कर्नाटकात २०१३ मध्ये, मग पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या आल्या, टपरीसमोर उभं राहून एकीत दुसरी ओतायची.

व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांवर संशोधक ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला, घरी परतल्यावर बहुतेकांची सुटली, तिथं जागा, सोबती, माल सगळंच बदललेलं. इथं सोडणारा मात्र त्याच स्टँडवर त्याच मित्रांत बसतो, जेवण झालं, चहा झाला, शेजारी कुणी टाळी हाणली की तलफ येते आणि हात आपोआप खिशाकडं जातो.