ब्रॉड फॉर्म डीड : पूर्व केंटकीतल्या खाणहक्कांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या डोंगरांत खाणहक्कांची, म्हणजे जमिनीखालच्या कोळशाच्या हक्कांची, खरेदी 1880 च्या दशकाअखेर सुरू झाली. हे हक्क ज्या छापील दस्ताने विकले गेले, तो ब्रॉड फॉर्म डीड. तिथल्या हॅझर्ड गावाला रेल्वे पोचली ती थेट 1912 मध्ये. खरेदीदारांत सर्वांत यशस्वी ठरला तो तिथलाच एक शाळामास्तर. एकरी भाव 50 सेंटपासून काही डॉलरपर्यंत असे. एका एकरात फूटभर जाडीचा थर म्हणजे साधारण 1,800 टन कोळसा, चार फुटी थर असेल तर 7,000 टनांहून अधिक.

लोकांनी हक्क विकले, कारण रोख पैसा दुर्मीळ होता आणि जमिनीची मालकीही पक्की नव्हती. केंटकी व्हर्जिनियाचा भाग असतानाच्या जुन्या सनदा एकमेकींवर चढलेल्या होत्या, हद्दी झाडा-ओढ्यांच्या खुणांनी सांगितलेल्या होत्या. जुनी सनद दाखवत कोणी दारात आला, की पृष्ठभागाची मालकी निर्वेध करून घेण्यासाठी खालचा कोळसा सोडून देणे भाग पडे. अनेक दस्तांवर सहीच्या जागी नुसती फुली आहे.

दस्ताचा मजकूर छापील आणि ऐसपैस होता. कोळसा, तेल, वायू. खाणीच्या टेकूंसाठी लाकूड. रस्ते आणि रूळ टाकण्याची मुभा. पाणी वळवण्याचा आणि दूषित करण्याचा हक्क. वर नुकसानभरपाईतून सूट. खाणकामाला ‘आवश्यक किंवा सोयीचे’ असेल ते सारे करता येईल, असे त्यात होते. घर, शेत आणि जमिनीचा कर मूळ मालकाकडेच राहिला. त्या वेळी तिथे खाण म्हणजे डोंगराच्या कुशीत आडवा खणलेला बोगदा, कुदळ, काळी दारू आणि खेचरे. वरचे शेत शाबूत राहील, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते.

1950 च्या दशकात बुलडोझर आणि ऑगर (कोळशाच्या थरात आडवे भोक पाडणारे प्रचंड गिरमिट) आले. उतारावर पायरी कापून थर उघडा करायचा आणि वरची माती-दगड खाली लोटायचे, ही नवी पद्धत. सैल ढिगारा पावसात घसरतो, ओढे बुजवतो. उघड्या पडलेल्या गंधकयुक्त खडकातून आम्लयुक्त पाणी झिरपते आणि विहिरी जातात.

मग राज्याच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1956 चा निकाल आला. न्यायालयाने म्हटले, की हक्कधारक मालकाच्या संमतीशिवाय जमीन उघडी खणू शकतो आणि मनमानी किंवा द्वेषबुद्धी सिद्ध झाल्याखेरीज भरपाईही देणे लागत नाही. उद्योगात गोंधळ माजेल ही काळजी निकालात स्पष्ट दिसते. सही करणाऱ्याला काय ठाऊक होते, हा प्रश्न मागे पडला. करार ज्या काळात झाला त्या काळाच्या समजुतीने तो वाचायचा असतो, आणि इथे नेमके तेच झाले नाही. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात न्यायालयाने 1947 मध्येच जुन्या दस्ताचा असा विस्तार नाकारला होता. नॉट काउंटीत 1965 मध्ये एक विधवा बुलडोझरसमोर बसली. तिला उचलून तुरुंगात नेले. तरीही 1968 मध्ये न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली, मात्र एका न्यायमूर्तींनी तीव्र असहमती नोंदवली.

अशा दस्तांवर उघडी खाण रोखणारा राज्याचा 1984 चा कायदा 1987 मध्ये घटनाबाह्य ठरला. 1988 मध्ये सुमारे 82 टक्के मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली : दस्तात पद्धत लिहिलेली नसेल, तर तो झाला तेव्हा त्या भागात रूढ असलेली पद्धतच अभिप्रेत मानायची. 1993 मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि 1956 चा निकाल रद्द केला. दुरुस्ती कोळसा काढण्याच्या पद्धतीपुरतीच आहे. त्याच दस्तांतले तेल आणि वायू तिच्या कक्षेत येत नाहीत.